घराला कुलूप लावण्यापूर्वी

(इंदूर येथील मराठी भाषक नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मे महिना उजाडला की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा भागांतील मराठी घरांत बांधाबांध सुरू होते. कोणाच्या भाचीचे पुण्यास लग्न असते, कोणाचे माहेर नागपूरला, तर कोणास जेजुरीच्या खंडोबाचे दर्शन अनेक वर्षांपासून राहिलेले असते. निघण्याच्या दिवशी दूधवाल्यास निरोप जातो, वर्तमानपत्र बंद केले जाते, गॅसची कळ दोनदा तपासली जाते. दागिने बँकेत ठेवण्याचा विचार आठ दिवस आधीच झालेला असतो. मात्र ओसरीवरच्या कुत्र्याचे अथवा स्वयंपाकघरात पायात घोटाळणाऱ्या मांजराचे काय, हा प्रश्न बहुधा रिक्षा दारात उभी राहिल्यावर निघतो. मग एक मोठे पातेले पाण्याने भरले जाते, दोन दिवसांच्या पोळ्या एकदम कुस्करून ठेवल्या जातात आणि “तीनच दिवसांचा तर प्रश्न आहे” असे म्हणून कुलूप लागते.

ते तीन दिवस त्या प्राण्याच्या दृष्टीने कसे जातात, याचा विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. वाड्यात चार बिऱ्हाडे असत आणि सारीच्या सारी एकाच वेळी गावाला गेली, असे सहसा घडत नसे. घरातील एखादी आजी प्रवासास नाखूश असे आणि तिच्या हातचा घास खाऊन कुत्रे, मांजर, झालेच तर अंगणातील गाय, सुखरूप राहत. कुत्रा घरातच कोंडलेला असेही नव्हते. तो वाड्याचा, गल्लीचा आणि थोडासा घरचा असे. आता इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत वाढलेला कुत्रा सर्वस्वी त्या दोन खोल्यांवर आणि तेथील माणसांवर अवलंबून असतो. दार बंद झाले की त्यास पाणी शोधता येत नाही, सावली निवडता येत नाही, की आपली अडचण कोणास सांगता येत नाही. पाळीव प्राण्यांची संख्या वाढली आणि घरातील माणसांची संख्या घटली, या दोन गोष्टी एकाच पिढीत घडल्या आहेत.

इंदूरच्या श्रोत्यांपुढे मुक्या प्राण्यांविषयी बोलताना अहिल्यादेवींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सध्या ज्या जिल्ह्यास त्यांचेच नाव देण्यात आले आहे, त्या जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली त्यांचा जन्म झाला आणि १७९५ साली महेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात एक नोंद आढळते. महेश्वरच्या आसपास ऐन उन्हाळ्यात शेतकरी नांगर हाकीत असताना अहिल्यादेवींचा सेवक शेतावर येई, जू थांबवून बैलांना पाणी पाजी आणि मगच काम पुढे चाले. पिकांवरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी त्यांनी शेते विकत घेऊन मोकळी सोडली होती, असेही तेथे नमूद आहे. या नोंदीतील एका तपशिलाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. अहिल्यादेवींनी विहिरी, बारवा आणि घाट पुष्कळ बांधले. पण नांगराला जुंपलेला बैल बारवेपर्यंत जाऊ शकत नाही, हे ध्यानात घेऊन त्यांनी पाण्याबरोबर माणूस पाठविला. कोंडलेल्या किंवा बांधलेल्या प्राण्याच्या बाबतीत नेमके हेच करावे लागते. भरलेले पातेले पुरत नाही, ते पातेले पाहणारा माणूस लागतो.

पातेले का पुरत नाही, ते पाहू. कुत्र्यास साधारणतः शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे १० किलो वजनाच्या कुत्र्यास नेहमीच्या दिवशी अर्धा लिटरहून थोडे अधिक. इंदूरला मे महिन्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा दिवसांत हीच गरज दुपटीवर जाऊ शकते. माणसास घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्यास पंजांच्या तळव्याखेरीज म्हणावा असा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड राखतो. धापेला पाणी खर्च होते. बंद खोलीत हवा खेळत नसली, त्यातून वीज गेली आणि पंखा थांबला, की तो जितकी अधिक धाप टाकील तितकी खोलीतील हवा अधिक दमट होते आणि धापेचा उपयोग कमी होत जातो. त्याच सुमारास अस्वस्थपणे फिरताना पातेल्यास पाय लागतो आणि पाणी फरशीवर सांडते. ते पुन्हा भरण्यास घरात कोणी नसते.

म्हणून उन्हाळ्यात एक मोठे भांडे ठेवण्यापेक्षा जड बुडाची, सहज न उलटणारी तीन-चार भांडी निरनिराळ्या जागी ठेवावीत. मातीचे पसरट कुंडे यासाठी उत्तम. ते जड असते आणि पाणीही गार राखते. गच्चीखालची किंवा पश्चिमेकडील खोली प्राण्यास देऊ नये. खालच्या मजल्यावरील, उत्तरेकडे खिडकी असलेली, फरशीची खोली द्यावी. खिडकीस जाळी असावी. न्हाणीघराचे दार उघडे राहील आणि आपोआप लागणार नाही अशी पाचर लावावी, कारण तेथील फरशी सर्वांत थंड असते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसू लागल्या किंवा पाय लटपटू लागले, तर उष्माघात समजावा. ताबडतोब अंगावर, विशेषतः पोटावर व पायांवर, साधे थंड पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे. आधी निवविणे, मग नेणे, हा क्रम मोडू नये. उभ्या मोटारीत मात्र प्राण्यास पाच मिनिटेही ठेवू नये. उन्हात बंद मोटारीतील हवा दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

प्राण्यास एकटे किती वेळ ठेवता येते, असे विचारले जाते. त्यास एकच उत्तर नाही. निरोगी, प्रौढ, सवय झालेला कुत्रा आठ तासांपर्यंत राहू शकतो. त्याहून अधिक वेळ त्यास लघवी रोखून धरावयास लावणे हा त्रासच आहे. पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा आणि तितके तास, हा ढोबळ हिशेब बरा पडतो. तीन महिन्यांचे पिल्लू फार तर चार तास. एका रात्रीहून अधिक काळ कुत्र्यास कुलपाआड ठेवू नये, मग अन्नपाणी कितीही असो. शिवाय कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी आहे. माणसे अकस्मात नाहीशी झाली की काही कुत्री दार ओरबाडतात, गज चावून दात मोडून घेतात, अन्नास तोंड लावत नाहीत. शेजारी अशा वेळी “खोडकर आहे” म्हणतात. वास्तविक तो भ्यालेला असतो. दिवाळीच्या फटाक्यांत आणि रंगपंचमीच्या गेरच्या गोंगाटात तर कुत्र्यास एकटे मुळीच ठेवू नये. त्यास साखळीने बांधून जाणे हे सर्वांत वाईट. साखळी खाटेच्या पायाला किंवा खिडकीच्या गजाला गुंतली की पाण्याचे भांडे हातभर अंतरावर असूनही तोंड तेथे पोहोचत नाही.

मांजराविषयी समज असा की ते स्वतंत्र वृत्तीचे असते, आपले आपण पाहून घेते. यात अर्धेच तथ्य आहे. मांजर एकटेपणाने कुत्र्याइतके गांगरत नाही. एक दिवस ते खुशाल राहते. पण दर चोवीस तासांत कोणीतरी त्यास प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे, आणि याला तशीच कारणे आहेत. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, त्यातून ते लठ्ठ असले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून प्राणावर बेतते. बोक्याची लघवी तुंबण्याचा विकार होतो आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत मृत्यू येतो. घरी माणूस असेल तर बोका मातीच्या परातीत वारंवार बसतो आणि ओरडतो, हे लक्षात येते. रिकाम्या घरात ते कोणाच्या लक्षात येणार? दुधाची वाटी भरून ठेवणे हीही आपल्याकडची एक रूढी आहे. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही आणि उन्हाळ्यात ते तीन तासांत नासते. मांजर मूलतः मांसाहारी आहे. त्याला कोरडे तयार खाद्य आणि स्वच्छ पाणी ठेवावे. दूध-पोळीवर आठवडा काढावयास लावू नये.

घर बंद करण्याच्या आपल्या काही सवयीही प्राण्यांच्या जिवावर येतात. गावाला जाताना उंदीर माजू नयेत म्हणून कोपऱ्यात विषाच्या वड्या ठेवणे, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकणे, शेवटची फरशी फिनेल ओतून पुसणे, ही दक्ष गृहिणीची लक्षणे मानली जातात. मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि पंजे चाटून स्वच्छ करते. फिनेल त्याच्या पोटात जाते आणि त्याचे यकृत ते विष सोसू शकत नाही. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तरी तोच परिणाम. कुत्र्याच्या आवाक्यात कांदे, द्राक्षे, मनुका, चॉकलेट यांपैकी काही राहू देऊ नये. डोके दुखले की माणूस घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक ठरते, हे तर सुशिक्षितांसही अनेकदा ठाऊक नसते.

लहान प्राण्यांकडे वळू. पिंजऱ्यातील बजरीगर वा तत्सम चिमण्या पाखरांचे शरीर इतके लहान की एक-दोन दिवसांच्या उपासाने ती दगावतात. यात एक फसगत असते. ही पाखरे दाणा सोलून आतला गर खातात आणि फोलपट वाटीतच टाकतात. वरून पाहणाऱ्यास वाटी भरलेली दिसते आणि शेजारी ‘दाणा आहे’ म्हणून निश्चिंत होतो. वाटीवर हलकी फुंकर मारली की खरा प्रकार कळतो. देशी पोपटाचा मुद्दा वेगळा आहे. तो पिंजऱ्यात पाळणे हाच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. तेव्हा गावाला जाताना त्याचे काय करावे हा प्रश्न उपस्थितच होऊ नये. सशाची आतडी सतत चालती राहावी लागतात. बारा तास त्याने काही खाल्ले नाही तर पशुवैद्य गाठावा. काचेच्या हौदातील मासे मात्र या सर्वांत सोशिक. निरोगी मोठे मासे आठवडाभर अन्नाविना राहतात. ते बहुधा उपासाने मरत नाहीत, मायेने मरतात. जाताना टाकलेले मूठभर खाद्य सडते आणि पाणी विषारी होते.

या साऱ्याचा इत्यर्थ किल्लीपाशी येतो. ज्याच्या हाती घराची किल्ली आहे आणि जो सकाळ-संध्याकाळ आत पाऊल टाकणार आहे, असा एक विश्वासू माणूस मिळाल्याखेरीज एका रात्रीहून अधिक काळ बाहेर जाण्याचा बेत करू नये. आजकाल ठरल्या वेळी खाद्य सोडणारी यंत्रे मिळतात आणि भ्रमणध्वनीवर घरातील दृश्य दाखविणारे कॅमेरेही मिळतात. ती साधने उपयुक्त आहेत, परंतु कॅमेरा उलटलेले भांडे दाखवितो, सरळ करीत नाही. पुण्यात बसून इंदूरचे रिकामे भांडे पाहणाऱ्यास शेवटी कोणाला तरी दूरध्वनी करावाच लागतो. तो कोणाला करावयाचा, हे आधी ठरलेले असावे.

माणूस ठरविताना केवळ नात्यावर जाऊ नये. शेजारच्या जोशीकाकूंना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्या भिडेने ‘हो’ म्हणतील आणि दारातूनच भाकरी सरकवून परततील. यात दोष त्यांचा नव्हे, विचारणाऱ्याचा. पलीकडच्या बिऱ्हाडातील महाविद्यालयीन मुलगा कुत्र्याशी रोज खेळत असेल तर तो अधिक योग्य. जाण्यापूर्वी त्यास दोन-तीनदा घरी बोलवावे, त्याच्या हातून खाऊ घालावे, आणि एकदा घरातील सर्वांनी चार तास बाहेर राहून ही रंगीत तालीम करून पाहावी. एका जाड कागदावर ठळक अक्षरांत काही गोष्टी लिहून ठेवाव्यात: किती व केव्हा खाते, कोणते औषध चालू आहे, कशाला घाबरते, पशुवैद्याचा क्रमांक, आणि रेबीजची लस कोणत्या तारखेस टोचली. लसीची नोंद शेजाऱ्याच्या जिवासाठी आहे. त्यास दात लागलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरकडे जावे लागते आणि तेथे हीच माहिती विचारली जाते. औषधाचा व पशुवैद्याचा खर्च भागेल इतके पैसे पाकिटात घालून ठेवावेत. उसनवारीने शेजारधर्म टिकत नाही.

कोणीच मिळाले नाही तर पैसे घेऊन प्राणी ठेवून घेणाऱ्या जागा शहरात आहेत. तेथे प्राणी नेण्याआधी स्वतः जाऊन जागा पाहावी. जेथे आतील भाग दाखविण्यास टाळाटाळ होते आणि लसीचे प्रमाणपत्र न पाहताच प्राणी घेतला जातो, तेथून परत फिरावे. आपल्या प्राण्याचे प्रमाणपत्र पाहत नाहीत म्हणजे इतरांचेही पाहिलेले नसते. वैद्यकीय मदतीच्या बाबतीत इंदूरकर तसे सुदैवी आहेत. महू येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून जवळच आहे, आणि मे २०२३ पासून मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावण्याची सोय झाली आहे. महाराष्ट्रातही फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हाच क्रमांक आहे.

आतापर्यंत ठरवून केलेल्या प्रवासाचा विचार झाला. अकल्पित प्रसंग अधिक कठीण. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सकाळी कामावर गेलेली असंख्य माणसे त्या रात्री घरी पोहोचू शकली नाहीत. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून अमलात आली. चार दिवसांसाठी परगावी गेलेला माणूस चार तासांत परतणार कसा? अशा वेळी ज्यांच्या घराची दुसरी किल्ली शेजारी होती, त्यांचाच निभाव सोपा झाला. इंदूरच्या मराठी वस्तीत तर ही गोष्ट अधिकच मनावर घ्यावयास हवी. मुले पुण्यास, बंगळूरला किंवा परदेशी आणि घरी सत्तरीचे जोडपे व एक कुत्रा, अशी घरे येथे बरीच आहेत. त्यांपैकी एकास मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले तर दुसरा बरोबर जातो आणि दार ओढून घेतले जाते. धावपळीत दोन दिवस निघून जातात. म्हणून ज्येष्ठांनी आपल्या पाकिटात, औषधांच्या यादीबरोबरच, “घरी कुत्रा आहे, किल्ली अमुक यांच्याकडे” अशी चिठ्ठी बाळगावी आणि तशीच एक दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी.

खेड्यातील श्रोत्यांस हे शहरी चोचले वाटण्याचा संभव आहे. पण दावणीला बांधलेली गाय आणि कुलपाआडचा कुत्रा यांची स्थिती एकच आहे. दुभत्या गाईस दिवसाला ५० लिटरहून अधिक पाणी लागते, आणि तिची धार एक दिवस चुकली तर कासेला ताण बसून स्तनदाह जडण्याची भीती असते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हा माणसांस तातडीने घरे सोडावी लागली. अशा वेळी सर्व जनावरे बरोबर नेणे शक्य होतेच असे नाही. परंतु दावे सोडण्यास अर्धे मिनिट पुरते. सुटे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते. बांधलेल्या जनावरास ती संधीच नसते.

कायद्याचा उल्लेख करणे प्राप्त आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० साली झाला. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आखूड वा जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे, आणि भुकेने वा तहानेने तळमळेल अशा स्थितीत टाकून देणे, हे अपराध आहेत. तीन दिवसांसाठी गेलेला गृहस्थ स्वतःस अपराधी समजत नाही, पण कुलपाआड पाणी संपले की तो या कलमाच्या कक्षेत येतो. या अधिनियमान्वये पहिल्या अपराधास ठरविलेला दंड जास्तीत जास्त ५० रुपये होता; या रकमेच्या धाकाने कोणी सुधारेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत समाविष्ट झाले आहे.

शेवटी शिक्षकवर्गासाठी एक सूचना. अनेक शाळांतून विज्ञानाच्या वर्गात माशांचा हौद असतो, क्वचित ससे वा कासवेही असतात. मुलांना त्यांचा लळा असतो आणि पाळीने खाऊ घालण्याचे कामही ती आवडीने करतात. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत मात्र ही पाळी कोणाचीच नसते. शिपाई गावी जातो, मुख्याध्यापकांना वाटते वर्गशिक्षक पाहतील, वर्गशिक्षकांना वाटते शिपाई पाहील, आणि हौदाच्या पंपाची वीज मुख्य बटणाबरोबर बंद होते. सुटीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी फळ्यावर सुटीतील अभ्यास लिहिला जातो. त्याच्याच खाली ससे कोणाच्या घरी जाणार, हौदाकडे दर आठवड्यास कोण फिरकणार आणि वर्गाची किल्ली कोणाकडे राहणार, त्यांची नावे लिहावीत. आणि ती मुलांकडूनच लिहवून घ्यावीत.